लाईन साफ आसा

माझं कोलेस्टेरॉल वाढल्याचं कळलं तेव्हा आमच्या घरमालकांनी हळहळ वगैरे काही व्यक्त केली नाही. रिपोर्ट त्यांनी चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, "आणि प्रेशर?"

प्रेशर नॉर्मल आहे, असं मी अभिमानाने सांगितलं. त्या सबंध तपासणीत अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट निघाली होती.

"मगे तुझी लाईन चोक आसा," असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि ते बादली भरायला निघून गेले.

घरमालक पाणीखात्यातून सब-इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. मुंबईचं पाणी मोठाल्या पाइपांतून आधी मुलुंडवरून जातं आणि मग पुढे शहरात पोचतं. म्हणजे मंत्र्यासंत्र्यांच्या आधी ते आपल्या दारावरून जातं, याचा त्यांना इतका अभिमान होता की निवृत्तीनंतर मालवणकडच्या आपल्या गावी न जाता त्यांनी मुलुंडलाच एकमजली घर बांधलं. खाली ते आणि काकू दोघंच राहायचे. वरच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको भाडेकरू होतो. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

काका बुटके, रुंद आणि तांबूस होते. आवाज असा की ते खाली काकूंच्या कानात काही सांगत असले तरी वर आम्हाला आमटी वाढता वाढता सगळं कळायचं. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्यांनी दोन भाग केले होते. ज्यांना प्रेशर आहे त्या आणि ज्यांना नाही त्या. कोपऱ्यावरची कोळीण, गल्लीतला पिसाळलेला बोकड आणि काकूंची मोठी बहीण यांना प्रेशर होतं. नगरसेवक, आमच्या गल्लीतला दूधवाला आणि मी, आम्हाला नव्हतं. "नळ सोडलो की बादली वाजूक व्हयी," असं ते म्हणत, आणि माणसाच्या बाबतीतही त्यांची अपेक्षा तीच होती. मी जिन्यावरून हळू आवाजात नमस्कार केला की ते कानाला हात लावून "काय?" म्हणत. दुसऱ्यांदा केला की काकूंना सांगत, "टेल-एंड इलो गो." टेल-एंड म्हणजे लाइनीचं शेवटचं टोक, जिथे पाणी करंगळीएवढं येतं आणि तेही आलं तर. हे माझं नाव गल्लीत इतकं रुळलं की एकदा पोस्टमनने माझ्या बायकोला विचारलं, टेल-एंड कुठे राहतात.

त्यांच्याकडे एक लोखंडी सळई होती. खात्यात असताना गळती शोधायला वापरायची ती. एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि आत पाणी कसं वाहतंय ते ऐकायचं. निवृत्तीनंतरही रोज सकाळी पाणी आलं की ते नळापाशी उभे राहून सळई कानाला लावत आणि डोळे मिटत. त्या वेळी काकू देखील बोलत नसत. रविवारी मी आणि काका फिरायला जायचो ते मोठ्या पाइपलाइनच्या बाजूने. तिथे ते मधेच थांबून त्या प्रचंड पाइपावर तळवा ठेवत. जत्रेत बैल पारखणारा माणूस ठेवतो तसा. मग म्हणत, "बरा आसा," आणि आम्ही पुढे निघत असू.

ही सळई त्यांनी एकदा माझ्या छातीवरही टेकवली होती. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "आवाज येता. पण जोर नाय." त्या रात्री मला झोप लागली नाही, हे आज सांगायला हरकत नाही.

कारण मी मूळचाच घाबरट. मासिकांतले आरोग्याचे लेख वाचायचे आणि ज्या आजाराचा लेख, तो आजार त्या महिन्यापुरता आपल्याला झाला असं समजायचं, हा माझा जुना शिरस्ता. पण हे आजार माझ्याजवळ टिकत नसत. कोलेस्टेरॉल हा मला मिळालेला पहिला खरा, छापील, सही-शिक्क्याचा आजार. तो शब्दही तेव्हा नवा होता. रंगीत टीव्हीसारखा तो आधी मोजक्या घरांत आला होता, आणि आमच्या ऑफिसात तर फक्त मोठ्या साहेबांकडे होता. त्यामुळे घाबरण्यात थोडा तोराही मिसळला. आमच्या घरातून तूप गेलं, खोबरं गेलं, अंड्यातला बलक गेला, आणि शेंगदाण्याच्या तेलाच्या जागी करडईचं आलं. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढायला आलं की मी पानावर हात आडवा धरायचो आणि दोन्हीकडच्या पानांना ऐकू जाईल असं कारण सांगायचो. बायको म्हणाली, "अहो, आजार झालाय की बढती मिळालीये?" ऑफिसच्या कँटीनमधला बटाटेवडा मात्र मी चालू ठेवला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्यात त्याचं नाव नव्हतं, आणि आपण होऊन विचारणं मला चोंबडेपणाचं वाटलं.

काकांना हाय ब्लडप्रेशर आहे हे माझ्यामुळेच उघडकीला आलं. मला एकट्याला डॉक्टरांकडे जायची भीती वाटायची म्हणून ते सोबत आले होते. डॉक्टर माझ्याच वयाचे, शांत, मिशीतल्या मिशीत हसणारे. काकांचा लालबुंद चेहरा पाहून ते म्हणाले, आलाच आहात तर तुमचंही बघू. काकांनी बाही वर केली. पारा चढला तो चढतच गेला. डॉक्टरांनी पुन्हा हवा भरली, पुन्हा पाहिलं. मग आकडा सांगितला. नंतर ते गंभीरपणे आणखीही पुष्कळ बोलले, पण काकांनी आकड्यानंतरचं काही ऐकलं नाही. ते खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मुलाचा पहिला नंबर आल्याचा आनंद होता.

परत येताना त्यांनी पेढे घेतले. गल्लीत घरोघर स्वतः वाटले. "ह्या वयात असलो प्रेशर," ते प्रत्येक दारात सांगत होते, "डॉक्टर पण बघीतच रवलो." लोकांनीही अभिनंदन केलं. आमच्या घरी पेढा दिला तेव्हा तो खव्याचा असल्यामुळे मी खाऊ शकत नव्हतो. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहून तो माझ्या बायकोला दिला.

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तेच मी माझ्या रिपोर्टच्या पाठीवर आकृती काढून सांगितलं. रक्तातली चरबी धमनीच्या आतल्या अंगाला बसत जाते. धमनी अरुंद होते, कडक होते. मग तेवढंच रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. आणि जोर वाढला की धमनीचं आतलं अस्तर खरवडतं, तिथे चरबी आणखी बसते. म्हणजे कोलेस्टेरॉल आणि प्रेशर ही दोघं एकमेकांना पोसतात. माझं एक वाढलंय, तुमचं दुसरं, आणि आपण दोघांनीही सांभाळायला हवं.

काकांनी आकृती नीट पाहिली. त्यांनी तिच्यातली पाइपाची जाडी चुकल्याचं दाखवून दिलं. मग म्हणाले, "तुंबलेल्या लाइनीच्या शेवटाक पाणी कसा येता?"

"कमी येतं," मी म्हणालो.

"प्रेशर पडता. बरोबर? आता माझ्या दंडात एवढो प्रेशर आसा. मगे माझी लाईन साफ की तुंबलेली?" आणि मी उत्तर शोधतोय तोवर पुढे, "मेल्या, तीस वर्षां नोकरी केलंय. प्रेशर कमी आसा म्हणून बायको-पोरां हंडे घेऊन मोर्चो आणतत. जास्त आसा म्हणून एक तरी माणूस तक्रार घेऊन इलो?"

आता मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. या बोलण्यात कुठेतरी भोक आहे हे मला कळत होतं. हृदय हा पंप आहे, तो तुंबल्यावर आपण होऊन जास्त जोराने चालतो, धरणातल्या पाण्याला तशी काळजी नसते, वगैरे. पण हे सगळं मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. त्या वेळी मात्र मला एवढंच दिसलं की यांचा चेहरा टोमॅटोसारखा, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत, आणि मी करडईच्या तेलातला पांढरट माणूस. मला त्यांचं पटलं. दुसऱ्या सेकंड क्लास बी.एस्सी.चं काय झालं असतं मला माहीत नाही, माझं हे झालं.

"मग माझ्या लाइनीचं काय करायचं?" मी विचारलं.

"फ्लश," काका म्हणाले.

तुंबलेली लाइन साफ करायची म्हणजे प्रेशर वाढवून एकदा जोरात पाणी सोडायचं, गाळ आपोआप वाहून जातो. माझंही प्रेशर वाढवायला हवं होतं. त्यासाठी त्यांनी मला मीठ सांगितलं. काकूंच्या नकळत सुके बोंबील, खारातली कैरी आणि भरलेल्या सांडग्या मिरच्या माझ्यासाठी जिन्यावर ठेवल्या जाऊ लागल्या. शिवाय रोज एकदा कुणावर तरी भरपूर रागवायचं, असाही उपचार होता. तो मला सर्वांत जड गेला. पहिल्या दिवशी मी साहेबांवर रागावलो. त्यांना ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोवर रागावलो. तिला कळलं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी उपचार बंद पडला.

बोंबील आणि मिरच्या मात्र चालू राहिल्या. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वाढलं?" मी उत्सुकतेने विचारलं. त्यांनी कानातली नळी काढून माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच होतं, आणि आता सोबतीला प्रेशर आलं होतं.

"तुम्ही शिकलेले आहात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"बी.एस्सी.," मी म्हणालो.

"मग कठीण आहे," ते म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, ते एका सकाळी थांबलं. काका नळाशी उभे असताना त्यांच्या नाकातून रक्त येऊ लागलं. बनियन लाल झाला, फरशीवर थेंब पडले. काकूंनी ओल्या पंच्याची घडी नाकावर धरली तेव्हा ते पंच्याच्या आतून आम्हाला समजावत होते की घाबरू नका, एअर व्हॉल्व्ह उघडलाय, जास्तीचं प्रेशर तिथून निघून जातं, लाइनीला बरंच असतं. थोड्या वेळाने रक्त थांबलं. ते चहा पिऊन ताजेतवाने झाले.

काकू दुपारी वर आल्या. त्या एरवी वर येत नसत, गुडघे दुखायचे. पाटावर बसल्या आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. माझी बायको त्यांच्यासाठी सरबत करायला उठली तर तिचा हात धरून त्यांनी तिला बसवलं. त्यांचे वडील असेच होते म्हणाल्या. लाल तोंड, मोठा आवाज. सगळा गाव म्हणायचा, काय तब्येत आहे. एके दिवशी जेवता जेवता हातातला घास खाली पडला, आणि पुढची तीन वर्षं काकूंच्या आईने त्यांना घास भरवला. "डॉक्टरान गोळ्यो दिल्यानी हत, त्यो कपाटात तशोच आसत. हात लावूक देणत नाय. तुमच्याशी बोलतत ते. तुमी सांगा त्येंका," त्या म्हणाल्या. "माका त्येंका भरवूक नको."

त्यांचा नवरा वाचावा एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी गल्लीत त्यांना सापडलेला माणूस मी होतो. त्या पाटावरून उठून खाली गेल्यावर मला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली, आणि ती माझ्या स्वतःसाठी नव्हती. मला तिची सवय नव्हती.

मी त्यांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. जुन्या लाइनीत प्रेशर वाढलं तर ती फुटते, हा मुद्दा मी आरशासमोर घोटून तयार केला. देवानेही साथ दिली. त्याच आठवड्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर खरोखरच एक लाइन फुटली आणि दुमजली घराएवढं कारंजं उडालं. मी काकांना ओढत तिथे घेऊन गेलो. पोरं भिजत होती, दुकानदार शिव्या देत होते. "बघा काका," मी म्हणालो, "प्रेशर वाढलं की काय होतं ते बघा." काका बघत होते. चष्म्यावर तुषार उडत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काय प्रेशर आसा," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी खड्ड्यात पाहिलं आणि मला सांगितलं की फुटली ती जोडावर फुटली, लाइन उत्तम आहे. माझा मुद्दा तिथेच वाहून गेला.

मग काकूंनी हट्टाने त्यांचंही रक्त तपासून घेतलं. काकांचं कोलेस्टेरॉल माझ्यापेक्षा बरंच जास्त निघालं. म्हणजे त्यांचं सगळं शास्त्रच कोसळायला हवं होतं. प्रेशर भरपूर आणि लाइन तुंबलेली, दोन्ही एकदम. त्यांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "मीटर खराब आसा," ते म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी एकही मीटर बरोबर चालताना पाहिला नव्हता.

इथून पुढे काकूंनी मला विचारणं बंद केलं आणि त्यांना जे करता येत होतं ते केलं. काकांना दुपारी जेवणाबरोबर सोलकढी लागायची, पेला भरून. काकू रोजची गोळी पाट्यावर बारीक करून त्या पेल्यात घालू लागल्या. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की काकांचा आवाज जिन्याच्या निम्म्यावरच थांबतोय. चेहऱ्याची लाली उतरली. मला बरं वाटलं, पण ते स्वतः खचत चालले. "प्रेशर पडताहा रे," ते मला एकदा हळूच म्हणाले. "खंयतरी गळती आसा." रविवारच्या फिरण्यात ते स्वतःच्या मनगटावर, मानेवर बोटं ठेवून गळती शोधत असत. पाइपलाइनवर त्यांनी तळवा ठेवला पण काही म्हणाले नाहीत. काकूंना त्यांचं ते पडलेलं तोंड बघवत नव्हतं, पण पेला चुकवणं त्याहून बघवणार नव्हतं.

अशात एका रविवारी आम्ही नवरा-बायको खाली जेवायला होतो. मी आदल्या दिवसापासून नुसत्या पपईवर होतो, कारण एका मासिकात तसा लेख आला होता. त्यामुळे पानावर बसताच समोर दिसेल ते मी उचललं. काकूंनी सोलकढीचे पेले मांडले होते, त्यातला माझ्या उजवीकडचा मी एका दमात संपवला. सोलकढीत खोबरं असतं हे मला पेला रिकामा झाल्यावर आठवलं. काकूंचा वाढता हात हवेतच थांबला होता, तो मी पाहिला, पण माझ्या हावरटपणाकडे पाहताहेत असं समजून मी दुर्लक्ष केलं.

जेवण झाल्यावर हात धुवायला उठलो आणि भिंती माझ्याभोवती हळूहळू फिरू लागल्या. पुढचं मला फरशीवरून आठवतं. पाय कुणीतरी स्टुलावर ठेवले होते, बायको पदराने वारा घालत होती आणि काकू रडत रडत म्हणत होत्या, "तो पेलो त्येंचो होतो. तेच्यात गोळी होती. देवा, परक्याच्या झिलाक काय करून ठेवलंय मी." सगळी हकिगत तिथे, माझ्या डोक्याशी बसून बाहेर आली.

काका उभे होते. आता हे घर डोक्यावर घेणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण डोळे उघडले तर ते माझ्याकडे निरखून पाहत होते.

"एका गोळीत?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली.

"व्हॉल्व्ह आसा हो," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आदर होता. मग ते वळले, आणि मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "माझ्या लाइनीर माका न सांगता व्हॉल्व्ह बसवलंस?"

"नाय बसवूचंय तर काय करूचंय?" काकू म्हणाल्या. "तुमी गेल्यार माका ह्या घरात आवाज कोणाचो?"

काकांनी कपाट उघडून गोळ्यांची बाटली खिशात घातली. व्हॉल्व्हची चावी माझ्याकडे राहील, ते म्हणाले. मी फरशीवर पडल्या पडल्या धन्य झालो. जे माझ्या आकृतीला जमलं नाही, फुटलेल्या लाइनीला जमलं नाही, ते मी चक्कर येऊन करून दाखवलं होतं. विज्ञानाला माझ्याकडून झालेली ती एवढीच मदत. पुढे कितीतरी दिवस ते गल्लीत सांगत, "टेल-एंडावर टेस्ट घेतली."

ते गोळ्या घेत होते. आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. काकू निर्धास्त झाल्या. पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही की या माणसाने आयुष्यभर चोवीस तास पाणी कुठेच सोडलेलं नव्हतं. पाणी वेळापत्रकाने सोडायचं असतं, काही तास इकडे, काही तास तिकडे, सणासुदीला जादा. व्हॉल्व्हही तसाच चालवायचा. भांडण असेल, सभा असेल, तेव्हा प्रेशर लागणार, मग गोळी बंद. काम झालं की चालू. डॉक्टरांनी गोळी रोज घ्यायला सांगितलं होतं, पण डॉक्टर पाणीखात्यातले नव्हते.

त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती असायचा. त्यांची आरती शेजारच्या दोन गल्ल्यांत ऐकू जायची आणि त्या गल्ल्यांतले लोक ती ऐकून घड्याळ लावायचे. त्या वर्षी आरती अशी झाली की टाळ वाजवणाऱ्या माझा ताल चुकला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा लाल झाला होता. आम्हाला वाटलं, देवाची कृपा. पाच दिवस त्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला होता, म्हणजे एकही गोळी घेतली नव्हती, हे काकूंना बाटलीतल्या गोळ्या पाहून नंतर कळलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते नळापाशी गेले, आणि खाली बसले ते उठले नाहीत. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तेच सांगितलं जे मी रिपोर्टच्या पाठीवर काढलं होतं. अरुंद झालेली नळी आणि वाढलेला दाब. मला त्याचा कसलाही आनंद झाला नाही.

जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरी आणलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. काकू त्यांना घास भरवू लागल्या, ज्याची भीती होती तेच. सकाळी गोळी पुढे केली की ते तोंड उघडत. पाणी पाजलं की गिळत. या कुशीवर म्हटलं की वळायचा प्रयत्न करत. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो आणि मुद्दाम मोठ्याने नमस्कार करायचो. ते माझ्याकडे पाहत, आणि बस्स. वर जेवताना आम्हाला खालचं काही ऐकू येत नसे. माझं कोलेस्टेरॉल तेव्हा खाली आलं होतं. डॉक्टरांनी अभिनंदन केलं ते मी बायकोला सांगायचंही विसरलो.

एकदा मी काकूंना म्हटलं, गोळी तरी आता वेळेवर घेतात. धीर द्यायला म्हणून म्हटलं, मला त्यापलीकडचं काही सुचत नाही. काकू भांडी आवरत होत्या, त्या थांबल्या. "होय, घेतत," म्हणाल्या. "सांगीन ता सगळा ऐकतत. हो माणूस माझो नाय हो."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मी दाढी करत असताना खालून काकूंची हाक आली. लवकर या, दोघंही या. तोंडाला साबण तसाच घेऊन मी जिना उतरलो, मागून बायको.

काका उशीला टेकून बसले होते. गोळी जमिनीवर पडलेली होती आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. ओठ त्यांनी घट्ट मिटून घेतले होते. काकू पलंगाशी उभ्या होत्या.

"थुंकले," त्या म्हणाल्या. "नको म्हणाले."

मला काही कळेना. त्यांनी दुसरी गोळी काढली, काकांच्या तोंडाशी नेली. "म्हणा," त्या म्हणाल्या. "ह्येंच्यासमोर म्हणा."

काकांनी माझ्या साबण लावलेल्या तोंडाकडे पाहिलं. गळ्याची शीर ताठ झाली, चेहऱ्याची एक बाजू तांबडी झाली. शब्द फुटायला वेळ लागला, आणि फुटला तो वाकडा, पण चांगला खणखणीत.

"नको."

काकू मटकन पलंगावर बसल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझी बायको रडत होती. मीही रडत होतो, आणि साबण डोळ्यांत गेला असं सांगत होतो. मग काकूंनी डोळे पुसले, पदर खोचला, गोळी दोन बोटांत धरली आणि कित्येक महिन्यांत वापरला नव्हता तो आवाज काढला.

"नको म्हणजे? घेवा म्हणतंय ना."

"नको."

"घेवा."

"नको."

आम्ही दोघं हळूच मागे सरकलो. कितीतरी वेळ ते चाललं होतं, वर जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. गोळी त्यांनी शेवटी घेतली, पण भांडून घेतली.